अटी लागू म्हणणारी टकळी

माहेरी तिला सगळे टकळी म्हणत. तोंड उघडलं की थांबायचं नाव नाही. शाळेत बाईंनी धडा वाचायला उभं केलं, की बाकीच्या मुली पान उलटायच्या आत ही शेवटच्या ओळीवर. ही सासरी कशी निभावणार, याचा तिच्या आईने धसका घेतला होता. पण निभावलं, आणि वर त्याच जिभेने नोकरीही मिळवून दिली.

जाहिरात संपता संपता एक आवाज धावत येतो आणि कुणाला काही कळायच्या आत निघून जातो, तो टकळीचा. आधी एखादी नटी अगदी आरामात सांगणार, की या साबणाने नवरा नव्याने प्रेमात पडेल. मग उरलेल्या चिमूटभर वेळात टकळीने खरं काय ते सांगून टाकायचं. "परिणाम व्यक्तीनुसार वेगळे असू शकतात, अटी लागू." स्टुडिओतली तिची खोली कपाटाएवढी. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखाही नाही. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट बोट गरागरा फिरवायचा. म्हणजे अजून भरभर.

घरी सासऱ्यांनी टीव्हीसमोर ठाण मांडलेलं. त्यांच्या आवडत्या मालिकेत कुणीतरी जिना उतरायला लागे आणि तो जिना आठवडाभर संपत नसे. त्यांची तक्रार नसायची, कारण मधेमधे सुनेचा आवाज यायचा. तो आला की ते सासूबाईंना हाताने गप्प करत आणि मान डोलवत. शब्द एकही कळत नसे.

एके दिवशी घरी खोकं आलं. त्यात एक पट्टा होता. पोट कमी करणारा, कंबरदुखी घालवणारा, पडल्या पडल्या व्यायाम घडवणारा. टकळी कामावरून आली तेव्हा पट्टा सासऱ्यांच्या पोटावर थरथरत होता, सासरे थरथरत होते आणि पलंगावरची चहाची कपबशीही.

"बाबा, हे कशाला मागवलंत?"

"तूच तर सांगितलंस."

"मी?"

"शेवटी तुझा आवाज होता. म्हटलं, घरचं माणूस सांगतंय, मग विचार कसला करायचा."

 टकळीने पट्टा बंद केला आणि सासऱ्यांजवळ बसून ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, मी म्हणाले होते, गुण येईलच अशी खात्री नाही. आणि कंबर दुखत असेल त्यांनी हा वापरू नये."

"असं म्हणालीस?" सासरे विचारात पडले. "मग नीट का नाही म्हणालीस?"

"नीट म्हणाली असती तर तिला कामावर ठेवलं असतं का कुणी?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

पट्टा परत करायला तिने खोक्यावरच्या नंबरवर फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडून टकळीच बोलली. "उघडलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही." हे आपण कधी वाचलं, तिला आठवेना. सासरे इतके हसले की पट्टा बंद असूनही पलंग हलायला लागला.

दुसऱ्या दिवशी तिने रेकॉर्डिस्टला सांगितलं, "साबण, बिस्किटं, काय हवं ते द्या. दुखण्याखुपण्याचं मात्र मी सावकाशच वाचणार."

"ताई, सावकाश वाचलंत तर घेईल कोण?" तो हसला. पण ती कामं तो दुसऱ्या कुणाला तरी देऊ लागला. काही दिवसांनी त्यानेच एक काम तिच्यासाठी राखून ठेवलं. दुकानांच्या एका नव्या इमारतीतल्या लिफ्टला आवाज हवा होता.

"इथे घाई नाही बरं का. दार उघडेपर्यंत माणसं कुठे जाणारेत?"

तरी पहिल्यांदा तिने तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एका दमात वाचून टाकलं. रेकॉर्डिस्टने कपाळाला हात लावला. मग हळूहळू दोन शब्दांमध्ये श्वास घ्यायचा असतो हे तिला जमायला लागलं, आणि गंमत म्हणजे आवडायलाही लागलं.

इमारत उघडली तशी घरची मंडळी बघायला गेली. सासरे लिफ्टमध्ये शिरले ते बाहेर येईचनात. वर जाऊन खाली आले, पुन्हा वर गेले. शेवटी दाराशी उभ्या रखवालदाराने विचारलं, "आजोबा, कितव्या मजल्यावर जायचंय?"

"कुठेच नाही. आमची सूनबाई बोलतेय, ती ऐकतोय."

रखवालदार बाजूला झाला. सासूबाई खालच्या बाकावर पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. दार उघडलं की त्या सासऱ्यांना हात करत, आणि शेजारी बसलेली टकळी गालातल्या गालात हसत होती.