हॉलंडच्या विहीणबाईंचा मानपान

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. आणि इथे हैदराबादेत, आमच्या काचीगुड्यात कुणाला कळता कामा नये. म्हणजे कळलंय सगळ्यांना, पण माझ्या तोंडून नको.

आमची केतकी हॉलंडला नोकरीला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिनं तिथलाच एक मुलगा पसंत केला. यान त्याचं नाव. इतका उंच की त्याच्याशी बोलायचं तर मला पायरीवर उभं राहावं लागतं. मुलगा गुणी आहे, माझी काही तक्रार नाही. घोडं अडलं होतं ते त्याच्या आईपाशी, माराइकेबाईंपाशी. लग्न हैदराबादला करायचं ठरलं, आणि या बाई विमान, गर्दी, तिखट सगळ्यालाच घाबरतात म्हणे. यायला अजून हो म्हणाल्या नव्हत्या.

आता मला सांगा, वरमाय नाही तर लग्न कसलं? त्यात आमच्या जाऊबाई येताजाता सुनवायच्या, "गोऱ्यांना कसला आलाय मानपान." मी म्हटलं, बघाच. मी स्वतः जाते, रीतसर ओटी भरते, पाय धुते आणि विहीणबाईंचा होकार घेऊनच परत येते. आमचे हे गुडघ्यांमुळे घरीच राहिले. मी बेगम बाजारातून हळकुंडं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या घेतल्या, एक झकास पोचंपल्ली साडी घेतली आणि निघाले.

तिथे उतरल्यापासून लेकीनं मला म्युझियमच दाखवली हो. जहाजांचं म्युझियम, राजाच्या महालाचं म्युझियम, नुसत्या मडक्यांचं म्युझियम. "आई, इतिहास आहे हा." हौ बाई, असेल. आपण हैदराबादेत म्युझियमला जातो ते पाहुणे आले की, आणि तेही त्या मोठ्या घड्याळाचा टोला ऐकून परत. इथे लोक एकेका मडक्यासमोर असे उभे, जणू त्यातून आता कुणी बाहेर येणार आहे.

मग विहीणबाईंना भेटायचा दिवस उजाडला. आणि भेटायचं कुठे? म्युझियममध्येच! कारण बाईंची नोकरीच तिथली. हे म्हणजे मोकळ्या मैदानावर उभं केलेलं एक अख्खं जुनं गाव. जुनी घरं, पवनचक्की, बेकरी, सगळं. लोहाराच्या दुकानात एक दाढीवाला पुतळा उभा होता. इतका हुबेहूब की मी जवळ गेले आणि दाढी खरी आहे का म्हणून जरा ओढून बघितली.

पुतळा म्हणाला, "गुड मॉर्निंग."

केतकी लालबुंद झाली. "आई, ही खरी माणसं आहेत! पगारी आहेत. जुने कपडे घालून बसतात, लोकांना जुना काळ दाखवतात. यानची आईपण हेच काम करते. आता कुणाला हात लावू नकोस, नीट नमस्कार कर."

म्हटलं, बरं. आता चूक होणे नाही.

तेवढ्यात लक्षात आलं की विहीणबाईंसाठी केलेल्या पुऱ्यांचा डबा तिकीटखिडकीजवळच्या बाकावर राहिला. यान गाडी लावायला गेला होता, म्हणून केतकीच मागे पळाली. जाता जाता ओरडून गेली, "त्या हिरव्या दाराच्या घरात जाऊन थांब, माराइके तिथेच असते. आणि प्लीज, जरा कमी बोल."

बाहेर कडाक्याची थंडी, आत शेगडीची ऊब. दार उघडलं आणि चष्म्यावर धुकं धरलं. पुसला, परत धरलं. शेवटी काढून पर्समध्ये टाकला. दारापाशी पँट-स्वेटर घातलेली, कापलेल्या केसांची एक बाई उभी होती, गळ्यात ओळखपत्र. राखणदार असणार. ती हसून काहीतरी बोलायला लागली, मी तिच्या हातात छत्री दिली. तिनं परत तोंड उघडलं, मी कोट काढून दिला. बिचारीनं सगळं धरलं.

आणि समोर, खिडकीपाशी, खुर्चीत विहीणबाई. लांब काळा घागरा, डोक्यावर पांढरी टोपी, पायात लाकडी बूट, हात मांडीवर. अगदी ताठ.

मी वाकून नमस्कार केला. म्हटलं, "नमस्ते. मी केतकीची आई."

उत्तर नाही. मान वळवणंसुद्धा नाही.

दुसरी कुणी असती तर तिला तिथेच शंका आली असती. पण मी पडले मराठी मुलीची आई. वरमाय पहिल्या भेटीत बोलत नाही म्हणजे काय? रुसली! माझ्या लग्नात माझ्या सासूबाई पंक्ती उठेपर्यंत कुणाशी बोलल्या नव्हत्या, कारण त्यांना चहा आधी मिळाला नाही. मला उलट बरंच वाटलं. म्हटलं, जाऊबाईंनी बघायला हवं होतं. गोरी असली तरी वरमाय ती वरमायच.

मग काय, मी स्टूल ओढलं आणि समजूत काढायला बसले. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. केतकी लहानपणी किती हट्टी होती, आमचं घर स्टेशनपासून किती जवळ आहे, तिखट नको असेल तर वेगळी डाळ करू, गौलीगुड्याच्या वन्संकडे माणसं फार, तिथे तुम्हाला नेणारच नाही. सगळं सांगितलं. बाई ढिम्म.

मी मागे वळून राखणदारणीला हळूच विचारलं, "या नेहमीच अशा?"

"नेहमीच," ती म्हणाली.

"कुणाशीच बोलत नाहीत?"

"मी इथे आल्यापासून तरी नाही."

"आणि यांचे यजमान?"

"त्यांना दुसऱ्या म्युझियमला पाठवलं."

यानचे आईवडील वेगळे राहतात हे केतकीनं सांगितलंच होतं. माझं मन एकदम भरून आलं. एकटी बाई, नवऱ्याची बदली, एकुलता एक मुलगा परक्या घरात पडणार. रुसेल नाही तर काय करेल?

मी कुंकू लावलं. कपाळ गार लागलं. म्हटलं, थंडीचा देश. मांडीवर साडी ठेवली, खोबरं, हळकुंडं ठेवली, ओटी भरली. शेवटी पाण्याची बाटली काढली, जमिनीवर बसले आणि पाय धुवायला हल्लू हल्लू त्यांचा लाकडी बूट ओढला.

बूट हातात आला. बुटात पाय होता.

गुडघ्यापर्यंत!

मी किंचाळले. आणि पुढच्याच क्षणी मला वाटलं, की मला सगळं समजलं. बाईंचा पाय लाकडी आहे. म्हणून प्रवासाला नाही म्हणतात, म्हणून बोलत नाहीत, आणि कुणी मला सांगितलं नाही. मी तो पाय छातीशी धरला आणि खरंच रडायला लागले हो. "माफ करा विहीणबाई, मला ठाऊक नव्हतं. एवढं दुःख घेऊन नोकरी करता तुम्ही!"

दारात केतकी आणि यान. केतकीच्या हातात पुऱ्यांचा डबा.

"आई, तू काय करते आहेस?"

"तू मला सांगितलं का नाहीस? तुझ्या सासूचा पाय लाकडी आहे!"

केतकीनं पायाकडे बघितलं, कुंकू लावलेल्या पुतळीकडे बघितलं, आणि मग माझ्या मागे बघितलं. "आई, माझी सासू ती आहे. जिला तू छत्री धरायला दिलीस."

मी चष्मा लावला. खुर्चीतल्या बाईंचे डोळे काचेचे होते. मागच्या बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मला वाटलं, अपमानानं रडतायत. कसलं काय, हसून हसून त्यांना भिंत धरावी लागली होती.

त्यांनी त्या दिवशी खास मला ते गाव दाखवायला रजा घेतली होती, म्हणून साध्या कपड्यांत; ओळखपत्र फक्त आत यायला. "मी नाव सांगायला जाते, तर तुम्ही हातात वस्तू देता," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, जुन्या घरात गेलं की असं करायची तुमच्याकडे रीत असेल. मधे बोललं तर तुमच्या भावना दुखावतील."

मला धरणी पोटात घेईना. पाय मात्र त्यांनी खट्‌कन बसवला, पुतळीचं कुंकू पुसलं, साडी उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि कपाळ माझ्यापुढे केलं. "मी हैदराबादला येणार," त्या म्हणाल्या. "पुतळीला एवढं मिळतं, तर मला काय काय मिळेल ते बघायचंय."

इतका आनंद झाला मला, लाज, थंडी सगळं विसरले. संध्याकाळी घरी आमच्या यांना फोन लावला आणि सगळं इत्थंभूत सांगितलं. हसतील म्हणून थांबले, पण हे हसले नाहीत.

शांतपणे म्हणाले, "अगं, तुझं एवढं बोलणं समोरचीनं न तोडता, न उठता, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तेव्हाच नाही का ओळखायचं, की हे जिवंत माणूस नव्हे?"