मागच्या अंगणातला उंचवटा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या वेळी ती मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला होती, आणि परत आल्यावर तिला जे सांगितलं तेही खोटंच होतं. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही समोर नाही. समोर असतात तर बहुधा हवापाण्यावर बोललो असतो.

बदलापूर गावाच्या पुढे, नदीजवळ आमचा बंगला आहे. मागच्या अंगणात हिरवं प्लास्टिक पसरलंय. पटिंग ग्रीन म्हणतात त्याला—गोल्फचा चेंडू हळूच ढकलून भोकात घालायची जागा. मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय ठेवला तर भाजतो, आणि जळक्या रबराचा वास सुटतो. पावसाळ्यात खाली पाणी कुजतं, कडेनं गांडुळं बाहेर येऊन मरतात, मांजरं घाण करून जातात. दर रविवारी मी पाइप घेऊन ते धुतो. धुताना किळस येते. प्लास्टिकची? हो, प्लास्टिकचीही.

मला गोल्फ येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी अधिकारी होतो, आमचे मोठे साहेब गोल्फ खेळायचे, आणि प्लांट हेडची जागा रिकामी होणार होती. एवढं पुरे ना? साहेब एकदा म्हणाले, तुमच्याकडे अंगण आहे, नशीबवान आहात. मी लगेच म्हणालो, थंडीत या ना सर, तोवर ग्रीन तयार ठेवतो. घरी येईपर्यंत मला त्या अंगणात काय आहे याची आठवणही झाली नाही.

अंगणात चेडोबा होता. गुडघ्याएवढा, शेंदूर फासलेला दगड—शेताची राखण करणारा देव. ती जमीन पूर्वी वरच्या ठाकरवाडीतली बुधीबाई आणि तिच्या घरची माणसं कसायची. मालक दुसराच, त्यानं मला विकली. मी कुंपण घालायला गेलो तेव्हा बुधीबाईनं एकच मागितलं—देव हलवू नका, आणि वर्षातून एकदा, पेरणीआधी, आम्हाला नारळ-कोंबडा घेऊन येऊ द्या. मी दगडावर हात ठेवून शब्द दिला. हाताला लागलेला शेंदूर रुमालाला पुसला. पुढे वर्षानुवर्षं ती माणसं येत राहिली, मी चहा देत राहिलो, आणि स्वतःला मोठ्या मनाचा समजत राहिलो.

त्या पावसाळ्यात नदीचं पाणी अंगणात शिरलं. मागची भिंत पडली. दगड मात्र जागचा हलला नाही. दिवाळीनंतर उल्हासनगरहून ग्रीन बसवणारा त्याची माणसं घेऊन आला. दगड दिसताच त्यानं चप्पल काढली आणि मला म्हणाला, "साहब, इसका क्या करना है? पहले किसी से पूछना है क्या?"

विचारायला काय झालं होतं? वाडी चालत जाण्यासारखी. त्यांच्या भगतानं विधी करून देव कुंपणाबाहेर नेलाही असता. पण बुधीबाई नको म्हणाली असती तर? साहेबांना काय सांगणार—एका दगडापायी राहिलं? आणि साहेब आले असताना अंगणात शेंदूर, नारळाच्या करवंट्या, कोंबड्याची पिसं... मला त्याची लाज वाटत होती. खरं कारण हेच.

फोडून टाका, म्हणालो. त्याची माणसं हात लावेनात. मग घण मीच उचलला.

वरचा भाग फुटला. जमिनीत रुतलेला निघेना. त्यावर बारीक खडी दाबून प्लास्टिक अंथरलं, तरी तिथे थोडा उंचवटा राहिलाच. तुकडे मी गोणीत भरून नदीत टाकले. म्हणजे पुढे जे बोललो ते अगदीच खोटं नव्हतं—असंही मी स्वतःला समजावून पाहिलंय. शी!

साहेब आले. चेंडू त्या उंचवट्यावरून वळून भोकात गेला तेव्हा खूश झाले, उतार छान काढलाय म्हणाले. जेवले, गेले, पुन्हा कधी आले नाहीत. जागा मला मिळाली.

बुधीबाई आता नाही. वाडीतूनही कोणी येत नाही. येणार तरी कशाला?

पण त्या वर्षी पेरणीआधी ती आली होती. एकटीच, पिशवीत नारळ घेऊन. पुरात वाहून गेला, मी सांगितलं. वाक्य पाठ करून ठेवलं होतं. वाटलं, भांडेल, वाडी गोळा करून आणेल. मी तयारीत होतो. तिनं नारळाची पिशवी खाली ठेवली.

"व्हावून जायाचा नाय तो," ती म्हणाली. "तो उठून गेला. आमचाच कायतरी चुकला आसल."

मग तिनं नवी भिंत पाहिली. पाणी कुठवर आलं होतं, ते विचारलं. आणि खाली बसली—त्या तापलेल्या प्लास्टिकवर—आणि नाक घासू लागली. देवासमोर घासतात तसं, माझ्यासमोर.

"आमच्या देवानं जाता जाता तुमचा नुकसान केला, दादा. आमाला माफी करा."

ती वाकली होती तिथून तो उंचवटा हातभर लांब होता. मी तोंड उघडलं.

"असू दे, बुधीबाई," मी म्हणालो. "माफ केलं."