जयवंतीकाकूची चूल आणि तिची खिडकी

माझ्या जयवंतीकाकूचा जन्मभरात वैरी एकच, आणि तो तिच्याच स्वयंपाकघरात बसून दोन्ही वेळा तिच्याच हातचं सरपण खायचा. बिनधुराची चूल.

ती आणली काशिनाथकाकांनी. वसईजवळच्या उमेळ्यात केळी आणि पानवेली सांभाळणारा माणूस, पण मुंबईत प्रदर्शन भरलं की हे धोतर सावरत पुढे. स्वातंत्र्याला पाचसहा वर्षं झाली होती, जो तो काहीतरी सुधारायला निघाला होता. काकांनी धुरानं लाल झालेले काकूचे डोळे सुधारायला घेतले. प्रदर्शनातला नकाशा आणून त्याबरहुकूम चूल घातली. धूर चुलीच्या पोटातून मागे जायचा आणि तिथे वळून नळकांड्यातून कौलांबाहेर.

महिनाभर काकू खूश होती. मग झावळ्यांची काजळी त्या वळणात साचली आणि सगळा धूर माहेरी आल्यासारखा ऐटीत घरात परतला.

काजळी काढायला मागे एक खिडकी होती. खिडकी कसली, वाटीएवढं तोंड. मोठं करून पाहिलं, तर झाकण कसंही लिंपलं तरी धूर तिथूनच यायचा, म्हणून परत लहान केलं. काठी वळणावर अडे. हातच घालायला हवा, आणि काकूची मनगटं हिरव्या बांगड्यांनी भरलेली.

"घटकाभर उतरव त्या," काका म्हणाले.

काकूनं दोन्ही हात पदराखाली घेतले. कासाराकडे नव्या बांगड्या भरतानाही एक जुनी हातात राखणारी बाई ती. नवरा समोर उभा असताना चुलीसाठी मनगट मोकळं करणार होती होय?

"ही चूल ज्यानं काढली ना, त्यानं बायकोचे हात कधी बघितलेले नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही आणलीत, तुम्हीच साफ करा. नाहीतर मी उद्या जुनी चूल घालते."

झालं. दर शनिवारी काका उघड्या अंगानं चुलीमागे पालथे पडू लागले. पहिल्याच वेळी हात अडकला. काकूनं खोबरेल आणलं, पण आधी शेजारच्या सत्यवतीला बघायला बोलावलं आणि मग सावकाश ओतलं. काळं तोंड घेऊन काका म्हणत राहिले, "चूल उत्तम आहे, खिडकीचंच जरा चुकलं." मग विहिरीवर काकू त्यांचा हात काथ्यानं घासून द्यायची आणि सगळा वेळ त्या नकाशावाल्याचा उद्धार करायची. एवढ्या हौसेनं तिला दुसरं कुठलंच काम करताना मी पाहिलं नाही.

पाच वर्षं हे चाललं. मग एका पावसाळ्यात काका तापानं गेले. बायकांनी त्याच दिवशी काकूच्या बांगड्या फोडल्या. त्या बायकांचा मला अजून राग येतो.

दिवस झाल्यावर मी तिच्याकडे गेले, तर घरभर धूर. "मी काढते काजळी," म्हणून मी पदर खोचला, पण हात खिडकीत जाईना. माझ्याही बांगड्या आड आल्या.

काकूनं मला बाजूला केलं. खाली बसून तिनं आपला उघडा हात आत घातला. तो कोपरापर्यंत सहज गेला. काजळी काढायचं सोडून ती तशीच बसून राहिली.

"बघ सरला," ती म्हणाली, "आता खिडकी बरोबर मापाची झाली."