दगडांची रांग

आमचं गाव चांदीपच्या अंगाला. पाठीशी डोंगर, पुढ्यात खाडी. डोंगरातून उतरणारं गोडं पाणी अडवलं नाही, तर बघता बघता खाडीत जाऊन खारट होतं. म्हणून भातकापणी उरकली की सगळं गाव ओहोळात उतरतं आणि दगडमातीचा बांध घालतं. किल्ल्यात फिरंगी होते तेव्हापासूनची रीत, असं म्हातारे सांगतात. खरंखोटं डोंगर जाणे! आता शेजारी इमारती आल्या, निम्मं गाव नोकरीला लागलं, तरी त्या दिवशी लोक रजा टाकून येतात.

रांगेत उभं राहायचं ते घरांच्या क्रमाने. दगड हातोहात पुढे जातो, आणि देणाऱ्याने "घे" म्हटल्याशिवाय सोडायचा नाही, नाहीतर पायाचा भुगा. गाव आमचं भांडकुदळ, पण शेजाऱ्याशी तेवढं तरी बोलावंच लागतं.

माझ्या शेजारचं घर थोरल्या जावेचं. वाडीची वाटणी झाली तेव्हापासून आमचा अबोला. वर्षभर तोंडं फिरवायची आणि बांधाच्या दिवशी तिने "घे" म्हणायचं. हसू नका, मी त्या एका शब्दाची वाट बघायचे.

गेल्या वर्षी तिच्या मुलाने तिच्या जागी मजूर उभा केला. आईचा गुडघा धरलाय म्हणाला, यापुढे ती यायची नाही. मजूर बिचारा चांगला, "लो मावशी" म्हणत दगड देत होता. पण माझं डोकंच फिरलं. म्हणजे आता तेवढंही गेलं? एकमेकींचं तोंड काय मेल्यावर बघायचं? हातातला दगड खाली ठेवला आणि चिखलाच्या पायांनी तिच्या दारात गेले.

"ताई, उठा! घरची जागा भाड्याने दिलीत काय?"

ती तांदूळ निवडत बसली होती. मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता दार लावणार.

"वरडतेस कशाला? चप्पल त शोधू दे," ती म्हणाली.

माझ्या खांद्यावर हात टाकून ती ओहोळापर्यंत आली. वाटेत गुडघा, डॉक्टर, माझे पिकलेले केस, सगळ्यावर बोलून झालं. पोचलो तोवर बांध घालून झाला होता. मग दोघी काठावर बसलो. ती बोलतच होती आणि मी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मला ओळखणाऱ्यांना हे पटायचं नाही.

उठताना तिने माझा हात धरला. "जेवाला आमच्याकडंच चल. पोरं कामाला जातात. एकटीला जेवन जात नाय गं."