मामांच्या बातमीचा टाईप

तो टाईप, म्हणजे छापायच्या अक्षरांचं वळण, मी मामांच्या मासिकासाठी काढला होता. आमच्या हैदराबादच्या मराठी मंडळाचं मासिक ते एकहाती चालवत. काचीगुड्याच्या माझ्या अक्षररचनेच्या ऑफिसात येऊन बसत आणि मथळ्यांसाठी भारदस्त अक्षर मागत. बोरूने लिहिल्यासारख्या जाड उभ्या रेघा, तिरकी कापलेली टोकं, वर भक्कम शिरोरेषा. जोडीची इंग्रजी अक्षरंही जुन्या छापातल्यासारखी, तळाला रुंद पाय असलेली. जाडीमुळे ‘ब’ आणि ‘ळ’ यांची पोटं शाईने बुजायची. ती मोकळी करण्यात माझा एक अख्खा उन्हाळा गेला.

पुढे मासिक बंद पडलं आणि टाईपाला एकच काम उरलं. मंडळात कोणी वारलं की मी त्यात निधनवार्ता लावून मंडळाच्या ग्रुपवर टाकायचो. नव्या पिढीला मराठी धड वाचता येत नाही, पण फोनवर ती जाड काळी अक्षरं दिसली की कळायचं. खाली इंग्रजीत स्मशानाचा पत्ता आणि वेळ. तेवढं बघून लोक निघत.

मामा अंथरुणाला खिळले तेव्हा मी तारनाक्याला त्यांना भेटायला गेलो.

“भाचेबुवा,” ते म्हणाले, “माझ्या वेळेला तो टाईप नको.”

“काहीतरीच काय बोलता, मामा.”

“तो दिसला की कोणी वाचतच नाही. नुसतं ‘कोण गेलं’ बघतात आणि चपला घालतात. मला बारीक, साधा लाव. माझ्याबद्दल चार ओळी तरी वाचाव्या लागतील लेकाच्यांना.”

मी हो म्हटलं.

ते गेले त्या सकाळी मी शब्द पाळला. बारीक टाईपात, नीट समास सोडून, त्यांच्यावर एक परिच्छेद लिहिला. पत्रक देखणं झालं होतं, आणि मामा घरात निजवलेले असताना मला त्याचं समाधान वाटलं. मामेबहीण त्यांच्या उशाशी बसली होती. कळवण्याचं काम माझ्याकडे होतं. आमच्यात हल्ली फोन कोणी करत नाही, ग्रुपवर पडलं की सांगून झालं असं धरतात. मीही तसंच धरलं.

अंबरपेठच्या स्मशानात खांदा द्यायला माणसं पुरेनात. शववाहिकेच्या ड्रायव्हरला विनंती करावी लागली. भटजी घड्याळ बघत होते, बहीण फाटकाकडे. बराच वेळ थांबून शेवटी अग्नी दिला.

घरी आल्यावर ग्रुप उघडला. पत्रकाखाली कोणीतरी ‘कार्यक्रमाला शुभेच्छा’ असं लिहिलं होतं. बहिणीने माझ्या हातातून फोन घेऊन ते वाचलं.

“दादा, चार घरी फोन करायला काय झालं होतं तुला?”

तेराव्याचं पत्रक मी जाड टाईपात लावलं. मामांना दिलेला शब्द मोडतोय हे लावताना ठाऊक होतं. त्या दिवशी हॉल भरला, मागून खुर्च्या आणाव्या लागल्या. मामांचे ऑफिसातले एक जुने सोबती पानावर बसल्या बसल्या माझ्यावर रागावले.

“त्याच दिवशी का नाही कळवलंत?”

“पत्रक टाकलं होतं, काका.”

“ते होय? ते लांबलचक काहीतरी होतं. म्हटलं, निवांत वाचू.”

‘मग वाचलंत का?’ असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बहीण भाताचं पातेलं घेऊन त्यांच्या पानापाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने त्यांना भात वाढला आणि माझ्याकडे न बघता पुढच्या पानाकडे गेली.