धरणावर विश्वास नसलेले मामा

सदाशिव पेठेत संशयी माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. पण माझ्या मामेसासऱ्यांइतका निःपक्षपाती संशय घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. इतर लोक शेजाऱ्यावर, सुनेवर किंवा फार तर सरकारवर संशय घेतात. मामा स्वतःच्या कामावर घेत. धरणांचे आराखडे करणाऱ्या खात्यात त्यांची नोकरी झाली आणि घाटातल्या एका वीजनिर्मितीच्या धरणाचा आराखडा त्यांच्याच टेबलावर तयार झाला. त्या धरणाचं नाव मी सांगत नाही. खाली बरीच गावं आहेत, आणि मामांचं मत कळलं तर तिथल्या लोकांची झोप विनाकारण उडेल.

पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मामा इंजिनिअरिंग कॉलेजात होते. त्या सकाळी त्यांचे घरमालक दात घासत म्हणाले होते, "काही होत नाही हो." दुपारी घरमालक आणि मामा एकाच गच्चीवर उभे राहून खोलीतली कॉट वाहत जाताना पाहत होते. तेव्हापासून कुणी "काही होत नाही" म्हटलं की मामा चपला शोधत. डॉक्टरांनी रक्तदाब उत्तम आहे असं सांगितलं तर विचारत, "कुठल्या हाताचा?" लग्नात व्याही फार हसतमुख दिसले तर पंगतीत माझ्या कानाशी येऊन म्हणत, "जावईबुवा, याच्या मनात काहीतरी साचलंय."

धरण कसं उभं राहतं हे त्यांनी मला आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवलं. बायकोने टेबल पुसून कढत आमटीची वाटी ठेवली आणि ती ओल्या टेबलावर आपली आपण सरकू लागली. मामांचा घास हातातच राहिला. "पाहिलंत? कुणी ढकलली? कुणी नाही. खालून उचलली गेली. आमचं धरण म्हणजे नुसतं वजन हो. कमान नाही, टेकू नाही. जड आहे म्हणून बसलंय, आणि बसलंय म्हणून उभं आहे. समोरून पाणी रेटतं ते सगळ्यांना दिसतं. पण पाणी खालच्या फटींतून शिरतं आणि वर उचलायला लागतं, ते कुणाला दिसतं?" बायको म्हणाली, "मामा, आमटी निवतेय." त्यावर, ही निवली की सरकायची थांबेल पण ते पाणी थांबत नाही, असं सांगून ते जेवू लागले. बांधकामाच्या दिवसांत काँक्रीट आतून तापून तडकू नये म्हणून त्यात बर्फ घालत. त्या बर्फाचा खडा मामा रोज तोंडात टाकून पाहत असत. का, ते त्यांनाही कधी सांगता आलं नाही.

पेठेतली वीज गेली की लोक मेणबत्ती शोधतात. मामा फोन शोधत. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजघरात ते फोन लावत आणि तिथला माणूस आवाज ओळखून म्हणे, "उभं आहे, साहेब."

"खिडकीतून बघून सांगताय की सवयीने?"

मग खिडकी उघडल्याचा आवाज, आणि पुन्हा, "उभं आहे."

तलाव भरला की दरवर्षी मी त्यांना गाडीने धरणावर नेत असे. धरणाच्या पोटात एक बोगदा आहे. पायाखाली शिरलेलं पाणी उभ्या भोकांतून तिथे झिरपतं आणि वाहून जातं, म्हणजे त्याला उचलायला जोर उरत नाही. मामा पायऱ्या उतरून आत जात आणि त्या ठिबकण्याकडे कान लावून उभे राहत. गळत असलं की खूश होऊन वर येत. पण एका वर्षी गुडघ्यांनी हात टेकले होते. यानंतर पायऱ्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घाट चढताना मामा म्हणाले, "माझ्यामागे याच्यावर संशय कोण घेणार? तिथे येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला मी विचारतो, धरण कसं आहे. सगळे म्हणतात, एकदम मस्त. प्रेम करणारी माणसं आहेत हो. त्यांचा काय उपयोग?"

त्या वर्षी धरणाचा कसलासा गौरव सोहळा होता. मंडप, सनई, खुर्च्यांना पांढरे अभ्रे. प्रमुख पाहुण्यांनी हे धरण युगानुयुगे अभेद्य राहील असं जाहीर केलं. मामा मला म्हणाले, "याला कुणी सांगितलं?" पुढच्याच मिनिटाला त्यांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि टाळ्या संपायच्या आत ते व्यासपीठाच्या मागच्या बाजूने बोगद्याकडे निघाले. मी त्यांच्यामागे.

दारात तिशीच्या एक इंजिनिअर बाई उभ्या होत्या. "आजोबा, कुठे?"

"आत. हे धरण मी डिझाइन केलंय."

"परवानगीचं पत्र?"

मामांनी शाल दाखवली.

"शाल कुणालाही मिळते," बाई म्हणाल्या.

मी मध्ये पडणार होतो, पण मामांनी हाताने थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं. "बरं, धरण कसं आहे?"

"अजून तरी उभं आहे." बाईंनी दार सोडलं नाही. "तलाव भरलाय, पण मधल्या भागातली गळती कमी झालीये. सगळे म्हणतात छान झालं. मला नाही पटत. भोकं बुजली असणार. उद्यापासून साफ करायला घेतेय."

"आणि मूळचा हिशेब?"

"तो आपला असेल तर तोंडावर काय सांगू. पण मी सगळा परत करून बघतेय."

मामांनी हातातला नारळ त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो कानाशी हलवून पाहिला आणि मगच ठेवून घेतला. "पत्र आणा, मी स्वतः हात धरून खाली नेते."

"नको," मामा म्हणाले. "पत्र असलं तरी सोडू नका."

परतताना मी म्हटलं, "मामा, आत बघायचं राहूनच गेलं."

"ती बघेल."

त्यानंतर ते कधी धरणावर गेले नाहीत, आणि आता मामाही नाहीत. त्या दिवशी घाटाच्या शेवटच्या वळणावर त्यांनी शाल गळ्याभोवती घेतली, सीटवर मान टाकली आणि लहान मुलासारखे झोपून गेले. प्रवासात त्यांना झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आरशात मागे धरण दिसत होतं, उन्हात, सनईच्या आवाजात, सगळ्यांच्या विश्वासात उभं. मला उगाचच ते किंचित कलल्यासारखं वाटलं. मी गाडी हळू केली, पुन्हा नीट पाहिलं, आणि त्यांना उठवलं नाही.