दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

बाहत्तर सालची दिवाळी सरली आणि सोनईच्या वरच्या अंगाच्या विहिरींनी तळ दाखवला. सूर्यभाननं दोन्ही बैल सोडले आणि बेलापूरकडची गुरांची छावणी गाठली. मागं घरात राहिली त्याची बायको मनकर्णा. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि या सोळा वर्षांत दोघं चार दिवसांच्या वर कधी एकमेकांपासून लांब राहिले नव्हते. सूर्यभान तसा अबोल, पण भजनात पखवाज मांडीवर घेतला की माणूस बदलायचा. छावणीला जाताना त्यानं पखवाज गोधडीत गुंडाळून आढ्याला टांगला. मनकर्णानं विचारलं, तर म्हणाला, तिथं कुणापुढं वाजवायचं?

पौषात गावात बोअर मारायचं मशीन आलं, कुठल्याशा परदेशी संस्थेचं. मशीनबरोबर दोन गोरे होते. एक पिकल्या दाढीचा पीटर आणि दुसरा पंचविशीतला कॉलिन. दुभाष्या म्हणून नगरचा कारभारी नावाचा पोरगेलासा पदवीधर त्यांच्यासोबत होता. तिघं शाळेच्या रिकाम्या खोलीत उतरले. त्यांच्या भाकरी करायला बाई हवी होती, म्हणून सरपंचांनी मनकर्णाला धाडलं.

कॉलिननं सेलवर चालणारा फोनो आणला होता. रेकॉर्डीही आणल्या होत्या, पण जीपमधल्या उन्हानं त्या पापडासारख्या वाकल्या होत्या. एकच तेवढी धड राहिली होती. तिच्या पाकिटावर चार केसाळ माणसं भिंतीला टेकून उभी होती. ऊन चढलं की मशीन बंद ठेवत आणि दुपारभर ही एकच रेकॉर्ड वाजत राही. आधी एक बाजू, मग दुसरी.

आणि मग भांडण. पीटरचं म्हणणं, पहिली बाजू खरी. तिच्यात जोर आहे, ढोल आहे, रक्त आहे. दुसऱ्या बाजूला ही पोरं मऊ पडली, आळसावली, यांच्या आधीच्या रेकॉर्डीत असलं काही नव्हतं. कॉलिन म्हणे, दुसरी बाजू कळायला कान लागतात. कारभारी हे सगळं हसत हसत मनकर्णाला सांगायचा आणि तिला नवल वाटायचं. जमिनीखाली कितव्या फुटाला काळा दगड लागेल यावर या दोघांचं कधी दुमत होत नव्हतं, आणि एका तबकडीपायी पुढ्यातल्या भाकरी गार होत होत्या.

गावाचीही मतं होती. मशीनच्या ट्रकचा ड्रायव्हर पुंजाराम खिडकीशी उभा राहून ऐके आणि म्हणे, इंजिन बिघडल्यावर असंच वाजतं, पण झोकात वाजतंय. शेजारची लंकाबाई एकदा ताक घेऊन आली, तिनं दारातूनच विचारलं की आत कुणाला मारतायत का.

मनकर्णालाही आधी तसंच वाटलं. पहिली बाजू लागली की ती चुलीजवळचं दार लोटून घेई. पण एका दुपारी दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लागलं तेव्हा दार उघडं राहिलं होतं. सगळी वाद्यं एकेक करून उठून गेल्यासारखी गप्प झाली. मागं एकच तार उरली आणि एक दमलेला आवाज. तिचा हात परातीत तसाच थांबला. तव्यावरची भाकरी करपली ते वासानं कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं कारभारीला त्या गाण्याचा अर्थ विचारला. त्यानं दोनदा कान देऊन ऐकलं.

"खास काही नाही, वहिनी. माणूस समुद्राकाठी बसलाय. बोट गेली म्हणतो."

"गेली का जायचीय?"

कारभारीनं परत ऐकलं. मग कबूल केलं की नक्की सांगता येत नाही.

समुद्र तिनं पाहिला नव्हता. पण सूर्यभान बैल घेऊन कोरड्या तळ्यातून पलीकडं गेला त्या सकाळी ती बांधावर उभी होती. बैल दिसेनासे झाल्यावरही धुरळा बराच वेळ तसाच अधांतरी होता. गाणं तेवढंच लांब होतं, असं तिला वाटे.

आता तिला एकच ध्यास लागला. हे मालकांनी ऐकायला हवं. गावात तालासुराचं कळतं ते त्यांना. आपल्याला आत काय होतंय ते आपल्याला सांगता येत नाही, ते ऐकतील आणि नेमकं सांगतील. छावणीकडं चाऱ्याचा ट्रक जाई, त्याच्याबरोबर तिनं निरोप धाडला, एकदा येऊन जा. का, ते सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? महिना गेला, तिनं पुन्हा निरोप धाडला.

फाल्गुनात मशीनची बांधाबांध सुरू झाली. दोन बोअरना पाणी लागलं होतं, तीन कोरडे गेले होते. उद्या निघायचं, आणि आज भर दुपारी सूर्यभान ट्रकमधून उतरला. वाळला होता. तिला धडधाकट बघून त्यानं आधी सुस्कारा सोडला. तिनं पाणी दिलं आणि सरळ शाळेवर नेलं.

कॉलिननं पाहुण्याचा मान म्हणून रेकॉर्ड पहिल्यापासून लावली. ही नको, पुढची लावा, असं मनकर्णाच्या ओठांवर आलं होतं, पण परक्यांपुढं ती गप्प राहिली. सूर्यभान उंबऱ्यावर बसला. ढोल सुरू झाला तशी त्याची मान वर झाली. बोटं गुडघ्यावर चालू लागली. गाणं संपलं आणि तो कारभारीला म्हणाला, "परत लावा म्हनावं."

पीटरनं मांडीवर थाप मारली. इतक्या दिवसांनी त्याला आपला माणूस भेटला होता. ते गाणं चारदा लागलं. चार महिन्यांत वाळून गेलेल्या त्या तोंडावर हळूहळू उजेड येताना मनकर्णा बघत होती.

मग दुसरी बाजू लागली आणि शेवटी तिचं गाणं आलं. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याची बोटं थांबली होती. गाणं संपल्यावर त्यानं गुडघ्यावरचा हात काढला. मग म्हणाला, "ह्यात वाजिवनाऱ्याला कामच न्हाई."

घरी येताना वाटेत त्यानं विचारलं, "ह्यापायी बोलावलं व्हय?"

"व्हय."

"मला वाटलं, तू आजारी हायेस."

त्यात राग नव्हता. जेवण झाल्यावर त्यानं पखवाज खाली काढला, डाव्या तोंडाला कणीक लावली आणि तो नवा ठेका धरून बघू लागला. चुकला, हसला, पुन्हा धरला. मनकर्णाला आनंद झाला आणि त्याच आनंदात ती एकटी पडली. दिवस मावळायच्या आत तो ट्रकनं परत गेला.

दुसऱ्या दिवशी मशीनही गेलं. तशीच रेकॉर्ड मिळवून धाडीन, असं कॉलिननं कारभारीकरवी सांगितलं. आपल्या घरी वाजवायला काही नाही हे तिच्या ध्यानात होतं, तरी तिनं नको म्हटलं नाही. रेकॉर्ड कधी आली नाही.

पुढच्या साली पीकपाणी झालं. सूर्यभान बैलांसह परतला, भजन पुन्हा उभं राहिलं. गजराच्या मध्येच तो नवा ठेका घुसवून देई. जुनी माणसं तोंड वाकडं करत, तरणी त्याच्यासाठीच येऊन बसत. घरात मनकर्णा भाकरी थापताना आपली चाल गुणगुणे. तो त्या चालीला रडकी म्हणे, ती त्याच्या ठेक्याला आदळआपट म्हणे. पीटर आणि कॉलिनचं भांडण त्यांच्या घरात मुक्कामाला आलं होतं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पखवाजाची कातड्याची पुडी बदलायला दोघं नगरला गेले. काम होईस्तोवर मनकर्णा धीर करून शेजारच्या रेकॉर्डीच्या दुकानात शिरली. नगरच्या लष्करी छावणीतले साहेब तिथून इंग्रजी रेकॉर्डी नेत. तिनं पदर तोंडाशी धरून चाल गुणगुणून दाखवली. दुकानदार भला होता, हसला नाही. एकामागून एक सहा रेकॉर्डी त्यानं लावून पाहिल्या. ती दर वेळी मान हलवी. मग तो म्हणाला, पुन्हा एकदा म्हणा बरं. तिनं तोंड उघडलं तर भलतंच आलं. दुसऱ्याच गाण्याचा तुकडा.

एसटीत बसल्यावर तिनं हे नवऱ्याला सांगितलं. "दुसरी गानी शिरली मधी. आता ती येत न्हाई."

सूर्यभान बाहेर बघत राहिला. घोडेगावला गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. मग मांडीवरच्या पखवाजावर हात ठेवून तो म्हणाला, "आधी तार वर जायाची. मग थांबायची. मग तो मानूस दम घ्यायचा, आनि मग बोलायचा."

मनकर्णानं वळून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं ते गाणं एकदाच ऐकलं होतं.

तो दम तिला आठवला. त्याच्यामागून पहिली ओळ हलकेच आली. बरोबर का चूक, सांगायला कुणी नव्हतं. पुढची ओळ मात्र आली नाही, सोनई आली तरी नाही. नंतरही चुलीपुढं ती तेवढंच गुणगुणायची आणि थांबायची. त्या वेळी सूर्यभान घरात असला, तर तोही हातातलं काम थांबवून जरा वाट बघायचा.